गॅलिलिओ आणि घरंगळणारी गोळी



या वेळी मी तुम्हांला दूरच्या इटली देशातील एका थोर शास्त्रज्ञाचे चरित्र सांगणार आहे. त्याचे नाव गॅलिलिओ. दुर्बिणीतून आकाश पाहणारा गॅलिलिओ सगळ्यांना ठाऊक असतो. पण मला अधिक आवडतो तो जमिनीवर बसून काम करणारा गॅलिलिओ. लाकडी उतरणीवरून एक गोळी सोडायची, ती कशी धावते ते मोजायचे आणि त्याचा हिशेब मांडायचा, हा उद्योग त्याने कितीतरी वर्षे केला. वस्तूचा वेग क्षणाक्षणाला कसा बदलला याचे चित्र हाती असेल, तर ती वस्तू कोणत्या क्षणी कुठे होती याचेही चित्र काढता येते, हे त्याच्या कामातून फार चांगले कळते. सातवीच्या मुलामुलींची गाडी नेमकी इथेच अडते. म्हणूनच मी हे चरित्र मुद्दाम निवडले आहे.

बालपण आणि शिक्षण

गॅलिलिओचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ रोजी पिसा या गावी झाला. होय, तेच ते कलत्या मनोऱ्याचे पिसा. वडिलांचे नाव व्हिन्सेन्झो गॅलिली. ते ल्यूट नावाचे तंतुवाद्य वाजवीत आणि संगीतशास्त्रावर ग्रंथ लिहीत. गृहस्थ मोठे चौकस. ताणलेल्या तारेचा सूर एक सप्तक वर न्यायचा असेल तर टांगलेले वजन दुप्पट करावे, अशी जुनी समजूत होती. व्हिन्सेन्झोंनी तारेला खरोखरच वजने टांगून पाहिली. तेव्हा दुप्पट नव्हे, चौपट वजन लागते असे दिसून आले. पुस्तकात आहे म्हणून खरे मानायचे नाही, करून पाहायचे, हा धडा मुलाला घरातच मिळाला. ही चौपट लक्षात ठेवा बरं का, ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

मुलाने डॉक्टर व्हावे असे वडिलांना वाटे. म्हणून त्याला पिसाच्या विद्यापीठात वैद्यकी शिकायला घातले. पण गॅलिलिओचे मन लागले गणितात. १५८५ साली पदवी न घेताच त्याने विद्यापीठ सोडले. घरच्यांना काय वाटले असेल याची कल्पना करा! तरी त्याने अभ्यास सोडला नाही. १५८९ साली त्याच विद्यापीठात तो गणिताचा प्राध्यापक झाला. पगार अगदी तुटपुंजा होता. १५९१ साली वडील वारले आणि थोरला मुलगा म्हणून घरची जबाबदारी त्याच्यावर आली. बहिणीच्या हुंड्याचे देणेही त्याच्याच डोक्यावर. १५९२ साली पादुआच्या विद्यापीठात अधिक पगाराची जागा मिळाली. तिथे तो अठरा वर्षे राहिला. मिळकत पुरेना म्हणून घरी विद्यार्थी ठेवून तो शिकवी आणि मोजमापाची उपकरणे तयार करून विकी.

पिसाच्या मनोऱ्यावरून त्याने एक जड आणि एक हलका असे दोन गोळे खाली टाकले, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती लिहून ठेवली त्याच्या व्हिव्हियानी नावाच्या शिष्याने. ती तशीच घडली असे आजचे इतिहासकार खात्रीने मानीत नाहीत. पण जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा वजनाच्या पटीत लवकर पडते, हे ॲरिस्टॉटलचे मत गॅलिलिओला पटत नव्हते, एवढे खरे. पुढे २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ यानाचा चांद्रवीर डेव्हिड स्कॉट याने चंद्रावर एक हातोडा आणि ससाण्याचे एक पीस एकाच वेळी हातातून सोडले. तिथे हवा नाही. दोन्ही बरोबरच खाली पडली.

उतरण आणि पाण्याचे घड्याळ

उंचावरून सोडलेला दगड कसा पडतो? भरकन पडतो, डोळ्यांना काही कळतच नाही. त्या काळी सेकंद अचूक दाखवणारी घड्याळे सहज मिळत नव्हती. मग मोजायचे कसे? गॅलिलिओने विचार केला, की सरळ पडू देण्याऐवजी वस्तूला उतरणीवरून घरंगळू द्यावे. मग तीच चाल संथ होते आणि मोजता येते.

त्याने एक लांब लाकडी तुळई घेतली. लांबी १२ हात, म्हणजे आजच्या मापाने सुमारे ७ मीटर. तिच्यावर बोटापेक्षा थोडी रुंद अशी सरळ खाच पाडली. खाचेत चर्मपत्र बसवून ते चांगले गुळगुळीत केले. तुळईचे एक टोक थोडे उचलून ठेवले आणि खाचेतून काशाची एक कठीण, गुळगुळीत, वाटोळी गोळी सोडली.

वेळ मोजायला त्याने पाणी वापरले. पाण्याने भरलेले मोठे भांडे वर ठेवलेले, त्याच्या तळाशी बारीक नळी. गोळी सुटली की धार सुरू, गोळी पोहोचली की धार बंद. मधल्या वेळात जमलेले पाणी तो नाजूक तराजूत तोलून पाही. पाणी दुप्पट तर वेळ दुप्पट, पाणी निम्मे तर वेळ निम्मा. किती साधी गोष्ट, पण डोके कसे चालवले पाहा!

आधी गोळी पूर्ण लांबीभर सोडली. मग फक्त पाव लांबीवर. पाव अंतराला वेळही पाव लागावा, असे आपल्याला वाटते. पण वेळ लागला निम्मा! म्हणजे निम्म्या वेळात पाव अंतर, आणि दुप्पट वेळात चौपट अंतर. ही बघा, ती चौपट पुन्हा भेटली. असे प्रयोग त्याने शंभर शंभर वेळा केल्याचे आपल्या ग्रंथात सांगितले आहे.

त्याचे हिशेबाचे कागद फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवले आहेत. त्यांतल्या एका कागदावर असे आठ आकडे आहेत :

३३, १३०, २९८, ५२६, ८२४, ११९२, १६२०, २१०४.

शेजारी लिहिले आहे १, ४, ९, १६, २५, ३६, ४९, ६४. ३३ ला ४ ने गुणून बघा, १३२ येतात. कागदावर आहेत १३०. ३३ नवे २९७, कागदावर २९८. ३३ गुणिले १६ म्हणजे ५२८, कागदावर ५२६. पुढचे तुम्ही ताडून पाहा. स्टिलमन ड्रेक नावाच्या अभ्यासकाने १९७० नंतरच्या दशकात या कागदाचा अभ्यास केला. त्याच्या मते ही सारख्या वेळाच्या अंतराने गोळी कुठे पोहोचली त्याची मापे आहेत, आणि ती सारखी वेळ गॅलिलिओने गाण्याच्या ठेक्यावर धरली असावी. तंतुवाद्य वाजवणाऱ्याच्याच मुलाला ठेका धरणे काय अवघड!

चुकलेले कारण

आता या चरित्रातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग सांगतो.

१६०४ साली गॅलिलिओने पाओलो सार्पी या आपल्या विद्वान मित्राला पत्र लिहिले. अंतर हे वेळेच्या वर्गाच्या पटीत वाढते, हा नियम त्यात बरोबर होता. पण त्याचे कारण त्याने चुकीचे दिले होते. वस्तू जितके अंतर खाली येते तितका तिचा वेग वाढतो, असे त्याने धरले होते. ऐकायला ठीक वाटते, नाही का? पण जरा विचार करा. सुरुवातीला अंतर शून्य, म्हणून वेग शून्य. वेग शून्य, म्हणून वस्तू हलणार नाही. हलली नाही, म्हणून अंतर शून्यच राहणार. अशाने गोळी जन्मात जागची हलायची नाही!

मग त्याच्या ध्यानात आले, की वेग अंतराबरोबर नव्हे, वेळेबरोबर सारखा सारखा वाढतो. एका सेकंदात जेवढा वाढला तेवढाच पुढच्या सेकंदात वाढतो. आपणही काही काळ चुकीच्या समजुतीत होतो, हे त्याने पुढे आपल्या ग्रंथात दडवून ठेवले नाही. उत्तर जुळले म्हणून गप्प न बसता कारणही तपासले, हा त्याचा मोठेपणा.

वेगाच्या चित्रावरून अंतराचे चित्र

गॅलिलिओने आपल्या ग्रंथात एक आकृती दिली आहे. काळासाठी एक रेघ काढली. तिच्या प्रत्येक बिंदूपासून त्या क्षणीच्या वेगाएवढी आडवी रेघ काढली. सुरुवातीला वेग शून्य, नंतर सारखा वाढत गेलेला, म्हणून सगळ्या रेघा मिळून त्रिकोण झाला. शेजारी त्याने शेवटच्या वेगाच्या निम्म्या रुंदीचा आयत काढला. त्रिकोण आणि आयत यांचे क्षेत्रफळ सारखेच. म्हणून सारखा वाढत जाणारा वेग घेऊन जेवढे अंतर कापले जाते, तेवढेच शेवटच्या वेगाच्या निम्म्या वेगाने सतत चालल्यास कापले जाते. फ्रान्समधील निकोल ओरेम या विद्वानाने अशी आकृती त्याच्या सुमारे अडीचशे वर्षे आधी काढली होती. पण ती खऱ्या घरंगळणाऱ्या गोळीला लागू पडते हे मापे घेऊन दाखवले गॅलिलिओने.

आपण काळाची रेघ आडवी काढू आणि वेगाची उभी. चौकटीचा कागद घ्या. समजा, उतरणीवर गोळीचा वेग दर सेकंदाला २ ने वाढतो. सुरुवातीला ०, मग २, ४, ६, ८. हे बिंदू जोडले की तिरपी सरळ रेघ मिळते. आता त्या रेघेखाली किती चौकटी येतात ते मोजा. अर्ध्या चौकटी जोडून पूर्ण करा.

पहिल्या सेकंदात १ चौकट. एकूण १.
दुसऱ्या सेकंदात ३ चौकटी. एकूण ४.
तिसऱ्या सेकंदात ५ चौकटी. एकूण ९.
चौथ्या सेकंदात ७ चौकटी. एकूण १६.

१, ४, ९, १६! गॅलिलिओच्या कागदावरचे तेच आकडे. रेघेखालच्या चौकटी म्हणजेच कापलेले अंतर. आता दुसऱ्या कागदावर हे एकूण आकडे मांडा आणि बिंदू हलक्या हाताने जोडा. सरळ रेघ येणार नाही. आधी सपाट निघून पुढे वर वर चढत जाणारा बाक येईल. हा झाला अंतर-काल आलेख.

वर्गात मी वेगाचे चित्र फळ्यावर काढले, की बरीच मुले अंतराचे चित्रही तसेच्या तसे काढतात. तसे करायचे नाही. एका चित्रातली उंची ही दुसऱ्या चित्रातला चढ असतो. वेग जास्त तिथे अंतराची रेघ जास्त उभी, वेग कमी तिथे ती कमी उभी.

आपली गोळी आणखी पुढे नेऊ. घर्षण नाही असे धरा. ४ सेकंदांनंतर ती सपाट जमिनीवर आली. आता वेग ८ च राहिला. वेगाची रेघ आडवी झाली. दर सेकंदाला ८ चौकटी, म्हणून अंतर २४, मग ३२. अंतराची रेघ इथे सरळ तिरपी जाईल. आधीच्या बाकाला ती अलगद मिळेल, मध्ये कोपरा येणार नाही, कारण वेग एकदम बदललेला नाही.

६ सेकंदांनंतर गोळी समोरच्या चढावर चढू लागली. वेग ८ वरून ६, ४, २, ० असा उतरला. इथे फसू नका! वेगाची रेघ खाली उतरते म्हणजे गोळी मागे येते, असे पुष्कळांना वाटते. पण वेग शून्याच्या वर आहे तोवर गोळी पुढेच जाते आहे, फक्त हळू हळू. चौकटी मोजा : ७, ५, ३, १. एकूण ३२ चे ३९, ४४, ४७ आणि ४८ झाले. अंतराची रेघ चढतेच आहे, पण आडवी होत चालली आहे. १० व्या सेकंदाला वेग शून्य. गोळी क्षणभर थांबली. ही तिची सर्वांत पुढची जागा.

आणि मग ती खरोखरच मागे फिरली. आता वेगाची रेघ शून्याच्या खाली गेली. खालच्या चौकटी मिळवायच्या नाहीत, वजा करायच्या. गोळीची जागा ४८ वरून ४७, मग ४४, ३९, ३२. जागेच्या चित्रात १० व्या सेकंदाला डोंगराचा माथा दिसेल. वेगाची रेघ शून्य ओलांडून खाली जाते तिथे जागेच्या रेघेचा माथा येतो, हे पक्के लक्षात ठेवा.

आणखी एक. वेगाच्या चित्रावरून गोळी किती सरकली ते कळते, पण निघाली कुठून ते कळत नाही. ते आधी ठाऊक असावे लागते. आपण ० पासून निघालो असे धरले. १० पासून निघालो असतो तर सगळे चित्र १० घरे वर सरकले असते, आकार तोच राहिला असता.

दुर्बीण, खटला आणि अखेरचा ग्रंथ

उतरणीचे हे काम पुरे होऊन छापले जायला पुढे कितीतरी वर्षे जावी लागली. कारण मध्येच दुर्बीण आली. १६०९ साली हॉलंडमध्ये निघालेल्या दुर्बिणीची बातमी कळताच गॅलिलिओने स्वतः तशी दुर्बीण बनवली आणि ती सुधारत नेली. चंद्रावर डोंगर दिसले. जानेवारी १६१० मध्ये गुरूभोवती फिरणारे चार चंद्र दिसले. त्याची कीर्ती पसरली आणि तो फ्लॉरेन्सच्या राजदरबारी गणितज्ञ म्हणून गेला.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे कोपर्निकसचे मत त्याला पटले होते. पण चर्चच्या धर्माधिकाऱ्यांना ते मान्य नव्हते. १६१६ साली त्याला ताकीद मिळाली. १६३२ साली त्याने या विषयावर संवादरूपाने ग्रंथ छापला आणि संकट ओढवले. जवळजवळ सत्तरीला आलेल्या या म्हाताऱ्याला रोमला बोलावून त्याच्यावर खटला चालवला. २२ जून १६३३ रोजी शिक्षा सुनावली गेली. गुडघे टेकून आपले मत मागे घ्यावे लागले. तुरुंगाऐवजी जन्मभर नजरकैद मिळाली आणि ग्रंथावर बंदी आली.

त्या वर्षाच्या अखेरीस तो फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री या गावी आपल्या घरी परतला. जवळच्याच मठात त्याची थोरली मुलगी मारिया चेलेस्ते जोगीण होऊन राहत होती. बापाची फार काळजी घेई. पण १६३४ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी, तीही वारली. आता म्हाताऱ्याने काय करावे?

त्याने जुने कागद काढले. उतरण, गोळी, पाणी, आकडे. आकाशाबद्दल लिहायची चोरी होती, पण गोळीबद्दल लिहिता येत होते. त्याने सारे नीट जुळवून ग्रंथ लिहिला. इटलीत तो छापणे शक्य नव्हते. म्हणून हस्तलिखित हॉलंडमध्ये लायडन येथे गेले आणि १६३८ साली तिथे छापून निघाले. ग्रंथाचे नाव दोन नव्या शास्त्रांविषयीचे संवाद. तोवर गॅलिलिओचे दोन्ही डोळे गेले होते. ज्या ग्रंथात त्रिकोणाची ती आकृती आहे, तो छापील ग्रंथ त्याला डोळ्यांनी पाहता आला नाही. तरी काम थांबले नाही. व्हिव्हियानी आणि नंतर टोरिसेली हे तरुण त्याच्याजवळ राहिले. तो सांगे आणि ते लिहून घेत.

८ जानेवारी १६४२ रोजी गॅलिलिओ वारला. मोठे स्मारक उभारू दिले गेले नाही. फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमधील भव्य समाधीत त्याचे अवशेष ठेवले गेले ते १७३७ साली. आणि त्याच्यावरील खटल्यात चूक झाली असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली मान्य केले. साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ गेला! तोवर त्याच्या गोळीच्या नियमावर न्यूटनसारख्यांनी गतिशास्त्राची सारी इमारत उभी केली होती.

तुमच्यासाठी काम

चरित्र वाचून नुसते वा वा म्हणू नका. कागद घ्या. एक सायकल थांबलेली आहे. ३ सेकंदांत तिचा वेग सारखा वाढत सेकंदाला ६ मीटर झाला. पुढे २ सेकंद तोच राहिला. मग ३ सेकंदांत सारखा कमी होत शून्य झाला. आधी वेगाचे चित्र काढा. रेघेखालच्या चौकटी मोजत मोजत शेजारी अंतराचे चित्र काढा. शेवटी ३० मीटर आले तर हिशेब बरोबर.

आणि ३० आले तरी लगेच वही मिटू नका. रेघ कुठे वाकते, कुठे सरळ जाते, शेवटी आडवी का होते, हे शेजारच्याला समजावून सांगा. नुसते उत्तर जुळणे पुरेसे नसते, कारणही जुळावे लागते. गॅलिलिओ त्यासाठीच इतकी वर्षे त्या गोळीमागे लागला होता.